दोन खोल्या, मधली भिंत आणि स्कारलेट १८आय२०

घरात एका खोलीत गाणं ध्वनिमुद्रित करायचं आणि दुसऱ्या खोलीत बसून ते ऐकायचं, मिक्स करायचं, अशी सोय ज्यांना शक्य आहे त्यांनी फोकसराइटच्या स्कारलेट १८आय२० या ऑडिओ इंटरफेसचा, म्हणजे माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणाऱ्या यंत्राचा, जरूर विचार करावा. माझ्याकडे आहे तो तिसऱ्या पिढीचा, २०१९ मध्ये आलेला. मिरजेतल्या आमच्या जुन्या घराच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत मी त्याच्यावर काम करते. ख्याल, अभंग, नाट्यपदं, भजनी मंडळं, आणि मिरज म्हटल्यावर अर्थातच तानपुरे. सतारमेकर गल्लीतले कारागीर परगावच्या गिऱ्हाइकाला वाद्य पाठवण्याआधी त्याचा आवाज ऐकवायला म्हणून माझ्याकडे घेऊन येतात.

या यंत्राच्या प्रीअँपचा (माइकचा क्षीण आवाज वाढवणाऱ्या भागाचा) आवाज कसा आहे यावर लोक भरपूर बोलतात. तो चांगलाच आहे, त्याबद्दल पुढे सांगते. पण दोन खोल्यांच्या स्टुडिओत खरा प्रश्न वेगळा असतो. गाणारा माणूस भिंतीपलीकडे एकटा बसलेला असतो. त्याला काय ऐकू जातंय, तुमचं बोलणं त्याच्यापर्यंत पोचतंय का, त्याला काही हवं असेल तर तो ते कसं सांगणार, यावर त्या दिवसाचं गाणं ठरतं. १८आय२० मला आवडतो तो या जागी.

समोरच्या पट्टीवरच एक छोटा टॉकबॅक माइक बसवलेला आहे. शेजारचं बटण दाबलं की माझा आवाज पलीकडच्या हेडफोनमध्ये जातो. कोणत्या आउटपुटला जायचा आणि कोणत्या नाही, हे फोकसराइट कंट्रोल या त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ठरवता येतं. एका खोलीत काम करणाऱ्याला या सोयीचं काहीच वाटणार नाही. दोन खोल्या झाल्या की वेगळा माइक, त्याचा वेगळा चॅनल, तो प्रत्येक वेळी चालू-बंद करणं हा सगळा व्याप वाचतो. गाणाऱ्याच्या दृष्टीने तर फरक फार मोठा आहे. टेक संपल्यावर हेडफोनमध्ये नुसती शांतता पसरली की माणसाला वाटतं आपलं काहीतरी बिघडलं. संपल्या संपल्या बटण दाबून "वा, अंतरा फार छान झाला, एकदा मुखडा पुन्हा घेऊया?" एवढं म्हटलं की पुढचा टेक मोकळा येतो.

उलट दिशेची सोय मात्र आपली आपण करावी लागते. मी आठवा चॅनल त्यासाठीच राखून ठेवलाय. खोलीच्या कोपऱ्यात एक साधा डायनॅमिक माइक उभा असतो, तो ध्वनिमुद्रणात वापरायचा नाही, फक्त माणसांची आपापसातली बोलणी ऐकायला. तबलजी हळूच "काका, लय जरा बसवूया का?" म्हणाला तर ते गायकाच्या माइकमध्ये नीट येईलच असं नाही. या कान देणाऱ्या माइकमुळे कितीतरी गोष्टी न विचारता कळतात.

आता हेडफोन मिक्स. याच्यावर मी सविस्तर लिहिणार आहे, कारण आपल्या संगीतात इथेच सगळं अडतं. पाश्चात्त्य धर्तीच्या ट्रॅकमध्ये गायकाला क्लिक (लयीची टिकटिक) आणि कॉर्ड हवे असतात. आपल्या गवयाला आधी तानपुरा हवा, तोही भरपूर, कानात भरून राहील असा. मग स्वतःचा आवाज, आणि तबला मागे. तबलजीला नेमकं उलटं लागतं: गायक पुढे, हार्मोनियम बेताची, स्वतःचा तबला जवळजवळ नकोच, कारण तो त्याला हाताखाली ऐकू येतोच. १८आय२० ला समोर दोन हेडफोन जागा आहेत. दोन्हींचे आवाज वेगळे, आणि महत्त्वाचं म्हणजे दोन्हींचे मिक्सही वेगळे. पहिला हेडफोन ७-८ या आउटपुट जोडीवर चालतो, दुसरा ९-१० वर. प्रत्येक जोडीसाठी सॉफ्टवेअरमध्ये स्वतंत्र मिक्स लावता येतो आणि तो जतन करून ठेवता येतो. माझ्याकडे ख्यालाचा एक साचा आहे, भजनाचा एक, नुसत्या तानपुऱ्याचा एक. माणसं येऊन सतरंजीवर टेकेपर्यंत मिक्स तयार असतो.

हा मिक्स यंत्राच्या आतच होतो, कॉम्प्युटरमधून फिरून येत नाही. ४८ किलोहर्ट्झला २५६ सॅम्पलचा बफर, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी साठवून घेतो तो आवाजाचा तुकडा, ठेवला तर नुसत्या त्या बफरचाच उशीर ५ मिलिसेकंदांच्या वर जातो. जाऊन-येऊन तो १० च्या पलीकडे पोचतो. गायकाला स्वतःचा आवाज हाडांतून तत्क्षणी ऐकू येत असतो, त्यावर हा उशिरा आलेला आवाज बसला की सूर पोकळ लागतो, आणि त्याला कळतही नाही की असं का वाटतंय. यंत्राच्या आतला मिक्स वापरला की हा त्रास राहत नाही.

या यंत्रात रिव्हर्ब नाही. कोरड्या आवाजात गायला कुणालाच आवडत नाही, विशेषतः देवळात आणि मंडपात गायची सवय असलेल्यांना. त्यावर उपाय सोपा आहे. रीपर या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये एक रिव्हर्बचा (गुंजेचा) ट्रॅक करायचा, त्यात गायकाचा आवाज पाठवायचा, मूळ कोरडा आवाज त्यातून पूर्ण काढून टाकायचा आणि उरलेली नुसती गुंज ७-८ वर सोडायची. गुंजेला झालेला थोडा उशीर उलट चांगलाच वाटतो, कारण खऱ्या सभागृहातही गुंज आवाजानंतरच येते.

एका वयस्कर भजनगायकांना हेडफोन अजिबात मानवत नव्हता. "अगं बाळ, डोकं पाण्यात घातल्यासारखं वाटतंय." त्यांच्या एका कानावरचा हेडफोन बाजूला केला, उरलेल्या कानात तानपुरा वाढवला, त्यांचा स्वतःचा आवाज पूर्ण काढला. मग ते दीड तास न थांबता गायले. मिक्स बदलायला मला जागेवरून उठावंही लागत नाही आणि कधी मुद्दाम उठायचं असेल तर आयपॅडवर तेच सॉफ्टवेअर उघडून गायकाच्या शेजारी मांडी घालून बसते आणि त्याच्यासमोर एकेक वाद्य कमी-जास्त करते. बहुतेक गायकांना 'तबला दोन डेसिबल कमी' असं सांगता येत नाही, पण समोर कमी झालेला लगेच कळतो.

दोनच हेडफोन जागा भजनी मंडळाला पुरत नाहीत. मागे एकूण दहा लाइन आउटपुट आहेत. १-२ वर मुख्य स्पीकर, ३-४ वर दुसरी स्पीकर जोडी लावली तर समोरच्या ऑल्ट बटणाने त्यांची अदलाबदल होते. म्हणून मी ५-६ मधून दोन केबल भिंतीपलीकडे नेल्या आणि तिथे चार जणांचा वेगळा हेडफोन अँप ठेवला. तो कलाकारांच्या हाताशी असावा, म्हणजे ज्याचा त्याला आवाज वाढवता येतो. हेडफोन बंद कपाचेच हवेत. मी बायरडायनॅमिकचे डीटी ७७० प्रो, ८० ओहमवाले वापरते. मोठ्याने लावलेला तानपुरा उघड्या कपातून बाहेर झिरपतो आणि गायकाच्या माइकमध्ये शिरतो. मग दुसरा टेक जोडायचा तर जोड लपत नाही.

प्रीअँप आठ आहेत, दोन समोर, सहा मागे, कमाल गेन, म्हणजे आवाज वाढवण्याची ताकद, ५६ डेसिबल. कंडेन्सर माइकला हे भरपूर आहे. गायनाला मी रोडचा एनटी१-ए लावते, त्याचा स्वतःचा नॉइज ५ डेसिबल इतका कमी आहे. मंद्रातली आलापी हलक्या आवाजात चालली असतानासुद्धा मागे सूं-सूं येत नाही. तार सप्तकातल्या तानेचं टोक मीटरवर उणे दहा-बारा डेसिबलच्या आसपास राहील असा गेन लावला की २४ बिटमध्ये मंद्रालाही धक्का लागत नाही. कमी आवाज देणारा डायनॅमिक माइक वापरून हळू बोलणाऱ्या माणसाचं ध्वनिमुद्रण करायचं असेल तर ५६ डेसिबल अपुरे पडतात, तिथे मधे एक छोटा बूस्टर घालावा. कंडेन्सर माइकला लागणारी ४८ व्होल्टची फँटम पॉवर चार-चार चॅनलच्या गटाने चालू होते हेही लक्षात ठेवायचं. पखवाजाला पॅड (येणारा आवाज कमी करणारं बटण) लागतोच, त्याची थाप पहिल्याच दणक्यात मीटर लाल करते.

एअर नावाचं एक बटण आहे. फोकसराइटची स्थापना १९८५ मध्ये रूपर्ट नीव्ह यांनी केली. त्या काळातल्या आयएसए प्रीअँपचा उघडा, वरच्या स्वरांचा बाज या बटणाने येतो असं कंपनी म्हणते. माझं मत असं की तानपुऱ्याला ते लावावं, हार्मोनियमला लावू नये. तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारेची झणझणती आस, त्याने पुढे येते, घोडीवर तारेखाली घातलेला दोरा, म्हणजे जीव, किती सरकवलाय हेसुद्धा ऐकू येतं. हार्मोनियमच्या बाबतीत भात्याचा आणि पट्ट्यांचा खडखडाट वर येतो.

खोल्यांबद्दल बोलल्याशिवाय हे परीक्षण अपुरं राहील, कारण यंत्र कितीही चांगलं असलं तरी ते खोलीचाच आवाज टिपणार. माझी ध्वनिमुद्रणाची खोली ११ बाय ८ फूट आहे. आठ फूट म्हणजे २.४४ मीटर. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये सर्वांत खालचा जो स्वर घुमतो त्याची कंपनसंख्या काढायला ध्वनीचा वेग, सेकंदाला ३४३ मीटर, अंतराच्या दुपटीने भागायचा. उत्तर येतं ७० हर्ट्झ. आता काळी एक या पट्टीत लावलेल्या पुरुषी तानपुऱ्याचा खर्ज, म्हणजे सर्वांत खालची तार, बघा: ६९ हर्ट्झ. म्हणजे आठ फुटी खोलीत काळी एकचा तानपुरा छेडला की खोली स्वतःच खर्ज गाऊ लागते. वादकाला ते क्षणभर फार गोड वाटतं, पण ध्वनिमुद्रणात बाकीच्या तीन तारा त्या घुमण्याखाली दबतात. कारागिरासाठी तर हे घातकच, कारण गिऱ्हाईक वाद्य ऐकायला मागतो, माझी खोली नाही.

यावर दोन उपाय केले. पहिला फुकटचा: माइक आठ फुटांच्या बरोबर मध्यावर ठेवायचा. त्या घुमण्याचा दाब भिंतींपाशी सर्वांत जास्त आणि मध्यावर जवळजवळ शून्य असतो. माइक एक फूटभर भिंतीकडे सरकवला तरी खर्ज फुगलेला ऐकू येतो. दुसरा उपाय कोपऱ्यांतला. घनमीटरला ४८ किलो घनतेचे रॉकवूलचे (दगडापासून केलेल्या लोकरीचे) चार इंची थर, दोनावर दोन, लाकडी चौकटीत घालून कोपऱ्यात तिरके उभे केले, मागे पोकळी ठेवून. वरून मांजरपाट ताणून लावला. कापड असं हवं की तोंडाला लावून फुंकलं तर हवा पलीकडे जाते. रॉकवूल कापताना तोंडाला फडकं आणि अंगात पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, नंतर दिवसभर खाज सुटते.

एका विक्रेत्याने मला सगळ्या भिंतींना एक इंची फोमचे चौकोन लावायचा फार आग्रह केला होता. ७० हर्ट्झची तरंगलांबी जवळजवळ पाच मीटर असते. एक इंच फोमला तिचा पत्ताही लागत नाही. तो फक्त वरचे स्वर खातो, आणि मग खोली एकाच वेळी मेलेली आणि घुमणारी लागते. त्यापेक्षा घरातल्या दोन जाड गोधड्या दोरीवर टांगलेल्या बऱ्या.

परदेशी स्टुडिओंची छायाचित्रं बघून लोक आवाज शोषणाऱ्या पट्ट्या उभ्या माणसाच्या छातीच्या उंचीला लावतात. आपले कलाकार जमिनीवर बसतात. तोंड अडीच-तीन फुटांवर, तबला त्याहून खाली. म्हणून माझ्या पट्ट्या जमिनीपासून अर्ध्या फुटावर सुरू होतात आणि साडेचार फुटांवर संपतात. दोन खोल्यांमधली खिडकीही तशीच. नऊ इंची भिंतीत जुना कोनाडा होता, तो आरपार फोडून घेतला, उंबरा दोन फुटांवर ठेवला, म्हणजे बसलेल्या तबलजीचे हात मला दिसतात. दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या जाडीची काच आहे, एक ८ मिलिमीटर, दुसरी १२. एकाच जाडीच्या दोन काचा लावल्या तर त्या एकाच कंपनसंख्येला ढिल्या पडतात आणि आवाज तिथून सरळ निघून जातो.

भिंत नऊ इंची विटांची आहे, त्यामुळे तिची चिंता नव्हती. दार मात्र नीट समजून घ्यावं. सात बाय तीन फुटांच्या दाराखाली अर्धा इंच फट असेल तर ती दाराच्या क्षेत्रफळाच्या जेमतेम ०.६ टक्के होते. तेवढ्याने ते दार कितीही जड असलं तरी २२ डेसिबलच्या पलीकडे आवाज अडवू शकत नाही. म्हणून महागडं दार घेण्याआधी चारी कडांना रबरी पट्टी आणि खाली दार लावल्यावर फरशीला टेकणारी पट्टी बसवून घ्यावी. आमच्या सुताराने हे काम फार मनापासून केलं. कागदाचा तुकडा चौकटीत धरून दार लावायचं आणि कागद ओढून बघायचा, सहज निघाला तर पट्टी कमी पडलीय, ही त्याचीच युक्ती. केबलसाठी भिंतीला पाडलेलं भोकही असंच आतून रॉकवूलने आणि दोन्ही तोंडांना पुट्टीने बुजवलं आहे. आठ चॅनलची एकत्र केबल, म्हणजे मल्टीकोअर, त्यातून जाते.

मिक्सिंगची खोली १२ बाय १० फूट. तिथे यामाहाचे एचएस५ आहेत, दहा फुटी भिंतीपाशी, लांबीच्या दिशेने तोंड करून. बसायची जागा समोरच्या भिंतीपासून साडेचार फुटांवर. बरोबर मध्यावर बसलं तर बारा फुटांचा ४७ हर्ट्झचा स्वर जवळजवळ नाहीसा होतो. तसाही पाच इंची स्पीकर ५४ हर्ट्झच्या खाली फारसं काही देत नाही, तेव्हा डग्ग्याची मींड आणि पखवाजाची कणकेची बाजू मी हेडफोनवर तपासते. कॉम्प्युटर याच खोलीत असतो आणि त्याच्या पंख्याची घरघर पलीकडे पोचत नाही. एका खोलीत काम करणाऱ्यांना निव्वळ या घरघरीपायी किती झगडावं लागतं हे मी पाहिलंय. छताचा पंखा आणि एसी मात्र टेकच्या वेळी बंद ठेवावाच लागतो. एप्रिल-मेमध्ये मी खोली आधी थंड करून घेते आणि मग बंद करते. तानपुराही तेव्हाच लावून घ्यायचा, थंड झाल्यावर, नाहीतर पहिल्या दहा मिनिटांत तारा उतरतात-चढतात.

भजनाचं ध्वनिमुद्रण करणाऱ्यांसाठी एक गोष्ट: टाळ शेवटी वेगळे घ्या. सगळ्यांसोबत वाजवले की ते प्रत्येक माइकमध्ये शिरतात आणि मग मिक्स करताना गायकाचा आवाज उजळवला की टाळही उजळतात. आधी गायक, हार्मोनियम आणि पखवाज एकत्र घ्यायचे, लयीसाठी एकाने नुसती हातावर टाळी धरायची, तीही हलकी. आठही चॅनल ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटला चालू असले की तासाला साधारण ४ जीबी जागा लागते, म्हणजे मोठ्या कार्यक्रमाच्या आधी डिस्क रिकामी हवी.

आठ चॅनल कमी पडले तर मागच्या ऑप्टिकल जागेतून आणखी आठ जोडता येतात, त्यासाठी आठ प्रीअँपचा वेगळा डबा घ्यावा लागतो. आमच्या आठ फुटी खोलीत तेवढी माणसंच मावत नाहीत.

आज नवीन घेणाऱ्याला चौथी पिढी मिळेल, ती २०२४ मध्ये आली. तिच्यात गेन ६९ डेसिबलपर्यंत आहे, गेन आपोआप लावण्याची सोय आहे आणि आवाज फाटण्याआधी गेन उतरवणारं क्लिप सेफही आहे. एकट्याने सगळं सांभाळणाऱ्याला, पलीकडे कुणी अचानक तार षड्ज लावल्यावर, याचा उपयोग होईल. माझ्यासारखं कंडेन्सर माइकवर काम असेल तर तिसऱ्या पिढीचा जुना, नीट वापरलेला नग मिळाला तरी घ्यावा. घेताना आठही चॅनलना एकेक करून माइक लावून बघा, ४८ व्होल्टची दोन्ही बटणं दाबून कंडेन्सर तपासा, गेनची गोल बटणं फिरवताना खरखर येते का ऐका, आणि टॉकबॅकचं बटण दाबून पलीकडच्या खोलीत कुणालातरी हेडफोन लावून बसवा. एकट्याने गाऊन एकट्यानेच मिक्स करणाऱ्याला मात्र हा नको. त्याला दोन चॅनलचा छोटा स्कारलेट पुरतो, आणि वाचलेल्या पैशांत कोपऱ्यांचं रॉकवूल आणि दाराच्या पट्ट्या दोन्ही होतात.